तुम्ही काम काय करतां ?

घरीं कोणी आजारी पडलें म्हणजे डॉक्टर येतात, खाटेशेजारच्या खुर्चीवर बसतात, नाडी पाहतात, जीभ बाहेर काढावयास सांगतात आणि चार प्रश्न विचारतात. काय होतें, केव्हांपासून होतें, जेवण कसें आहे, शौचास साफ होतें कीं नाहीं ! हे प्रश्न फार जुने आहेत. हिपॉक्रेटीस या ग्रीक वैद्याच्या नांवावर चालत आलेल्या ग्रंथांत ते सांपडतात, आणि युरोपांतील वैद्य दोन हजार वर्षें तेच विचारीत आले. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर एका इटालियन वैद्यानें घातली. तो प्रश्न असा : तुम्ही काम काय करतां ? ऐकावयास हा प्रश्न इतका साधा आहे कीं, तो सुचावयास इतकीं शतकें कां लागावीं याचेंच नवल वाटावें. परंतु प्रश्न सुचणें ही एक गोष्ट, आणि मिळालेल्या उत्तराचें पुढें काय करावयाचें ही दुसरी. पहिली गोष्ट सन १७०० मध्यें घडली. दुसरीचा इतिहास त्यानंतरचा आहे आणि तो पुष्कळच खडतर आहे.

या वैद्याचें नांव बर्नार्दिनो रामाझिनी. १६३३ सालीं कार्पी या लहानशा गांवीं त्याचा जन्म झाला, आणि १६८२ पासून तो मोदेना येथील विद्यापीठांत वैद्यकाचा प्राध्यापक होता. मोदेना हें दाट वस्तीचें शहर. तेथें घरोघरीं मैलाकुंड्या असत आणि त्या ठराविक काळानें उपसून काढाव्या लागत. एकदां रामाझिनीच्या स्वतःच्याच घरीं हें काम चाललें होतें. उपसणाऱ्यांपैकीं एक मजूर जिवाच्या कराराने, जणूं कोणी पाठीस लागल्याप्रमाणें, घाईनें काम उरकीत होता. रामाझिनीला त्याची दया आली. एवढी घाई कां, सावकाश केलेंस तर दमणार नाहींस, असें त्यानें त्याला म्हटलें. मजुरानें मान वर केली. त्याचे डोळे लालभडक झाले होते. या जागेंत चार तासांहून अधिक काळ काढणें म्हणजे काय असतें याची कल्पना ज्यानें तें केलें नाहीं त्याला येणार नाहीं, येथें राहणें म्हणजे आंधळें होणेंच आहे, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. मग यावर तुम्ही उपाय काय करतां, असें रामाझिनीनें विचारलें. उपाय एवढाच, कीं घरीं जाऊन अंधाऱ्या खोलींत दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहावयाचें आणि कोमट पाण्यानें डोळे धुवावयाचे. त्यानंतर रामाझिनी शहरांत हिंडूं लागला, तेव्हां त्याच धंद्यांतलीं अर्धवट आंधळीं झालेलीं माणसें रस्त्यावर भीक मागतांना त्याच्या दृष्टीस पडूं लागलीं. तीं आधींहि तेथेंच होतीं. त्यांना धंदा कोणी विचारला नव्हता, इतकेंच.

या प्रसंगापासून रामाझिनीला ग्रंथ लिहावयाची बुद्धि झाली. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० सालीं मोदेना येथें प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं तो पाडुआच्या विद्यापीठांत गेला. १७१३ सालीं त्यानें आणखी बारा धंदे घालून ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति काढली. दुसऱ्या वर्षीं तो वारला. या ग्रंथांत सोनारापासून सुइणीपर्यंत आणि कुंभारापासून गवयापर्यंत पन्नासाहून अधिक धंद्यांच्या माणसांचीं दुखणीं आहेत. भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हात प्रथम थरथरतात आणि मग लुळे पडतात, हें त्यानें लिहिलें. व्हेनिसचे आरसे करणारे लोक पाऱ्यापायीं आरशांत आपलेच ओढलेले चेहरे पाहतात आणि आपल्या धंद्याला शिव्या देतात, असेंहि लिहिलें. पुस्तकांवर वांकून बसणाऱ्या विद्वानांनाहि त्यानें वगळलेलें नाहीं.

वैद्यांना त्यानें जो उपदेश केला तो त्या काळच्या मानानें धाडसाचा होता. श्रीमंताच्या घरीं सोनेरी मुलाम्याच्या खुर्चीवर बसून नाडी पाहण्याची ज्यांना संवय आहे, त्यांनीं गरिबाच्या घरीं तिवईवर बसावें, घाई करूं नये, आणि नेहमींच्या प्रश्नांबरोबर धंद्याचाहि प्रश्न विचारावा, असें तो सांगतो. वैद्यकीच्या पोषाखाला आणि वैद्यकीच्या ऐटीला हा उपदेश मानवण्यासारखा नव्हता.

असें असूनहि रामाझिनीचा ग्रंथ वाचतांना एका ठिकाणीं मन अडखळतें. मैला उपसणाऱ्यांनीं काय करावें ? तोंडावर पारदर्शक फुगे बांधावेत, आणि नजर फारच अधू झाली असेल तर हा धंदा सोडून दुसरा पाहावा, असा त्याचा सल्ला आहे. दुसरा धंदा पाहा ! डॉक्टरला द्यावयास याहून सोपें औषध नाहीं आणि रोग्याला घ्यावयास याहून कठीण नाहीं. जो माणूस आंधळा होण्याची खात्री असतांना कुंडींत उतरतो, तो दुसरें काम मिळत असतें तर उतरला असता काय ? रामाझिनी दयाळू होता, प्रामाणिक होता, परंतु त्याच्या हातीं लेखणीपलीकडे कांहीं नव्हतें. कारखानदाराला जाब विचारणारा कायदा नव्हता आणि कायद्याला खबर देण्याची वाटहि नव्हती. धंद्याच्या प्रश्नाचें उत्तर वैद्याच्या टांचणवहींत राहत असे.

पुढच्या शतकांत यंत्रें आलीं, गिरण्या आल्या, आणि कारागीर जाऊन कामगार आला. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील लीड्स येथें चार्ल्स टर्नर थॅक्रा नांवाचा एक डॉक्टर होता. शहरांतील गोरगरिबांवर उपचार करण्याचें काम त्याच्याकडे असे, आणि तें करतां करतां कोणत्या धंद्याचीं माणसें कशानें खंगतात हें तो टिपून ठेवीत असे. १८३१ सालीं त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. त्यांत शंभरांहून अधिक धंदे होते. रामाझिनीच्या एक पाऊल पुढें जाऊन त्यानें असें म्हटलें कीं, यांतले पुष्कळ रोग कारखान्यांतच टाळतां येण्यासारखे आहेत. लोक ते टाळीत नाहींत तें दुर्लक्षामुळें. १८३३ सालीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच, तो क्षयानें गेला. त्याच्या लीड्सपासून दहाएक मैलांवर ब्रॅडफर्ड नांवाचें शहर आहे, आणि पुढें जी गोष्ट सांगावयाची ती तेथली.

ब्रॅडफर्ड हें लोकरीचें शहर. १८३० नंतर तेथें नव्या जातीची लोकर येऊं लागली. दक्षिण अमेरिकेंतून अल्पाका आली, आणि तुर्कस्तानांतून अंगोरा शेळीचे लांब, रेशमासारखे केस आले. त्यांना मोहेर म्हणतात. टायटस सॉल्ट या कारखानदारानें अल्पाकाच्या कापडावर अमाप पैसा मिळविला आणि १८५३ मध्यें शहराबाहेर सॉल्टेअर नांवाची प्रशस्त गिरणी उघडून तिच्याभोंवतीं कामगारांसाठीं गांव वसविलें. या नव्या मालाच्या गांठी दूरदेशाहून दाबून बांधून येत. त्या उघडून, एकेक झुपका हातानें सोडवून, बारीक, मध्यम, जाडा अशी प्रत लावण्याचें काम निवडणारांचें असे. निवडणारा हा गिरणींतला जाणता आणि बऱ्या पगाराचा कामगार. तो जाळीच्या फळीवर लोकर पसरून काम करी. घाण जाळींतून खालीं पडे आणि धूळ वर त्याच्या नाकातोंडांत जाई. त्या लोकरींत मेलेल्या जनावरांच्या कातड्याचे तुकडे असत, रक्तानें चिकटलेले झुपकेहि असत.

हा नवा माल येऊं लागल्यावर निवडणारांत एक विलक्षण दुखणें दिसूं लागलें. धडधाकट माणूस कामावरून घरीं येई तो अंगांत कसकस, छातींत जडपणा आणि अतिशय गळाठा घेऊन. ताप फारसा नसे, खोकलाहि बेताचा. घरच्यांना वाटे, सर्दी झाली असेल. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं अंग गार पडे, ओंठ निळे होत, आणि शेवटपर्यंत बहुधा शुद्धींत असलेला तो माणूस पाहतां पाहतां मरे. डॉक्टर दाखल्यावर न्युमोनिया लिहीत किंवा रक्त बिघडलें असें लिहीत. कामगारांनीं मात्र त्या रोगाला केव्हांच नांव ठेवून दिलें होतें. ते त्याला लोकर-निवडणाऱ्यांचा रोग म्हणत. तुर्कस्तानांतील व्हान प्रांताकडून येणारी मोहेर सर्वांत वाईट, हेंहि त्यांना ठाऊक होतें. डॉक्टरांच्या दाखल्यांत जें नव्हतें तें कामगारांच्या बोलण्यांत होतें. वैद्यकाच्या इतिहासांत असें पुष्कळदां झालें आहे, आणि तें मान्य करावयास वैद्यकाला दर वेळीं उशीर लागला आहे.

या शहरांत जॉन हेन्री बेल नांवाचे एक डॉक्टर होते. निवडणारांच्या घरीं त्यांना बोलावणें येई, आणि हा रोग न्युमोनिया नव्हे अशी त्यांची हळूहळू खात्री झाली. लोकरींत कुजलेल्या प्राणिज घाणीचें विष रक्तांत भिनतें असा तर्क त्यांनीं प्रथम केला. तो तर्क चुकीचा होता, परंतु चुकीची दिशा नव्हती. १८७६ मध्यें जर्मनींत रॉबर्ट कॉख यानें गुरांच्या एका प्राणघातक रोगाचा जंतु कसा वाढतो आणि बीजरूपानें कसा टिकून राहतो हें दाखवून दिलें होतें. तो रोग म्हणजे अँथ्रॅक्स; आपल्याकडचे शेतकरी गुरांच्या या रोगाला फाशी म्हणतात. गुरांपासून तो माणसांना होतो हें माहीत होतें, पण तें कातडीवरच्या काळपुळीच्या रूपानें. धुळीबरोबर छातींत शिरून, वर एकहि पुळी न दाखवितां, तो माणूस मारतो हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. बेल यांनीं मेलेल्या निवडणाऱ्याचें रक्त घेऊन तें प्रयोगाच्या जनावरांना टोंचलें. जनावरें मेलीं आणि त्यांच्या रक्तांत तेच जंतु दिसले. १८८० सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं हें सर्व प्रसिद्ध केलें.

येथें थांबले असते तरी बेल यांचें नांव राहिलें असतें. परंतु त्याच वर्षीं त्यांच्या हातून जें घडलें तें सूक्ष्मदर्शकाखालीं घडलें नाहीं, दाखल्याच्या कागदावर घडलें. एक निवडणारा याच रोगानें मेला. घरच्या माणसांना प्रेत पुरण्यासाठीं दाखला हवा होता. न्युमोनिया असा एक शब्द लिहून मोकळें होणें अगदीं सोपें होतें, आणि शहराची रीतहि तीच होती. बेल यांनीं तसें केलें नाहीं. हा मृत्यु धंद्यामुळें आलेला असून त्यांत मालकांची हयगय आहे असें त्यांनीं कळविलें. त्यामुळें तें प्रकरण अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढें, म्हणजे कॉरोनरपुढें, गेलें, पंच बसले, साक्षी झाल्या, आणि घातक लोकर कशी हाताळावी याबद्दल पंचांनीं सूचना केल्या.

गिरण्यांवर ज्या शहराचें पोट आहे तेथें डॉक्टरानें असें लिहिणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. गिरणीमालक, त्यांचे व्यवस्थापक, त्यांचे वकील हेहि डॉक्टरांचेच रोगी असतात, आणि बिलें वेळेवर तेच देतात. सरकारनें लगोलग जॉन स्पिअर या वैद्यकीय अधिकाऱ्यास चौकशीस पाठविलें. १८८४ मध्यें मालक व कामगार यांच्या संमतीनें नियम झाले : वाईट लोकर आधीं भिजवावी, गांठ पंख्यावर उघडावी, धूळ ओढून न्यावी. ते ऐच्छिक होते, म्हणजे ज्याला पाळावयाचे तो पाळी. पुढें सरकारी नियम झाले तेव्हां कोठें त्यांना दांत आले.

बेल यांच्या धैर्याविषयीं लिहितांना एक गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. ज्याच्याबद्दल ते बोलले तो रोगी मेला होता. त्याची नोकरी जाण्याची भीति उरली नव्हती. जिवंत रोग्याचा प्रश्न याहून अवघड आहे. शिशाच्या कारखान्यांत काम करणारी बाई पोटांतल्या कळांसाठीं डॉक्टरकडे येते, हिरड्यांवर निळसर रेघ दिसते, आणि डॉक्टरला एका दृष्टिक्षेपांत सगळें कळतें. आतां तें त्यानें कोणाला सांगावें ? तिला सांगितलें तर ती म्हणणार, मला ठाऊक आहे. मालकाला सांगितलें तर ती उद्यां कामावर नाहीं. कोणालाच न सांगितलें तर तिच्या शेजारीं बसणाऱ्या दहाजणी त्याच वाटेनें जाणार. तिचें गुपित राखणें हा डॉक्टरचा धर्म, आणि त्या दहाजणींना वांचविणें हाहि त्याचाच धर्म. रामाझिनीच्या प्रश्नांतून निघालेली ही पेंचाची गांठ आहे. चांगलेपणानें ती सुटत नाहीं; तिला कायदा लागतो.

तो कायदा इंग्लंडांत १८९५ मध्यें झाला. कारखान्यांत शिसें, फॉस्फरस किंवा सोमल यांची विषबाधा झालेला, अथवा अँथ्रॅक्सचा, रोगी ज्या कोणा डॉक्टरच्या पाहण्यांत येईल त्यानें सरकारच्या मुख्य कारखाना-निरीक्षकाला तें कळविलें पाहिजे, असें त्या कायद्यानें ठरविलें. कळविल्याबद्दल अडीच शिलिंग फी, आणि न कळविल्यास चाळीस शिलिंगपर्यंत दंड. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु महत्त्व रकमेचें नाहीं, ‘ज्या कोणा’ या शब्दांचें आहे. कारखान्याच्या पगारी डॉक्टरवर विसंबून न राहतां, गल्लींतल्या, घरच्या, रोग्यानें स्वतः निवडलेल्या डॉक्टरवर हें कर्तव्य घातलें गेलें. आणि चहाडी केल्याचा दोष त्याच्या माथीं राहिला नाहीं, कारण आतां तो स्वतःच्या मर्जीनें बोलत नव्हता. खबर मालकाकडे न जातां सरकारकडे जात होती, हीहि लहान गोष्ट नव्हे.

कारखान्याच्या आंतल्या डॉक्टरवर विसंबण्यांत काय धोका होता तें तीन वर्षांतच दिसलें. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेनें कामगारांचीं जबड्याचीं हाडें सडत. लंडनच्या ब्रायंट अँड मे या प्रसिद्ध कंपनीनें असे सतरा रोगी कळविलेच नव्हते, असें १८९८ मध्यें उघडकीस आलें. त्यांतले सहा मेले होते. दंड झाला पंचवीस पौंड नऊ शिलिंग ! याच वर्षीं टॉमस लेग हे इंग्लंडचे पहिले वैद्यकीय कारखाना-निरीक्षक नेमले गेले, आणि गांवोगांवच्या डॉक्टरांचीं पत्रें त्यांच्या मेजावर जमूं लागलीं. १९०० सालीं शिशाच्या विषबाधेचे १,०५८ रोगी नोंदले गेले. कोणत्या धंद्यांत, कोणत्या खात्यांत, कोणत्या गांवीं, हें आतां आंकड्यांनीं बोलतां येऊं लागलें, आणि आंकड्यांच्या मागोमाग नियम आले. १९१४ पर्यंत ही संख्या निम्म्याखालीं उतरली. एकेका दवाखान्यांत एकेकटी पडलेली माहिती एका मेजावर आल्यानें हें झालें. लेग हे करारी गृहस्थ होते. कामगाराला काळजी घ्यावयास सांगण्यापूर्वीं मालकानें सर्व कांहीं केलें पाहिजे, असें त्यांचें मत. घरांच्या आंतल्या रंगकामांत पांढरें शिसें वापरूं नये असा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटिश सरकारनें मान्य केला नाहीं, म्हणून १९२६ सालीं त्यांनीं आपल्या जागेचा राजीनामा दिला.

ब्रॅडफर्डची गोष्ट यानंतरहि चालूच राहिली, आणि तिचा धागा हिंदुस्थानपर्यंत येतो. १९०५ मध्यें तेथें अँथ्रॅक्सच्या शोधासाठीं मंडळ स्थापन झालें आणि फ्रेडरिक यूरिख या तेथल्याच डॉक्टरकडे जंतुपरीक्षेचें काम आलें. त्यांनीं लोकरीचे सुमारें चौदा हजार नमुने तपासले. प्रत्येक नमुना म्हणजे स्वतःच्या मृत्यूशीं गांठ. जंतु मुख्यतः रक्त लागलेल्या लोकरींत असतात असें त्यांना आढळलें. पुढें फॉर्मल्डिहाइडनें लोकर निर्जंतुक करण्याची रीति निघाली, १९१९ सालीं कायदा झाला, आणि १९२१ मध्यें लिव्हरपूल बंदरांत लोकर शुद्ध करण्याचें सरकारी केंद्र सुरूं झालें. तेथून शुद्ध झाल्याखेरीज देशांत आणूं नये असा जो माल ठरला, त्यांत इजिप्तची लोकर होती आणि हिंदुस्थानांतून जाणारे शेळीचे केसहि होते. इंग्लंडांतील निवडणारा त्या केसांपासून वांचला. परंतु तेच केस इकडे ज्यांनीं कातरले, झटकले आणि गांठींत भरले, त्यांच्यासाठीं तसें केंद्र नव्हतें.

हिंदुस्थानांतील जुन्या कारखाना-कायद्यांत डॉक्टरला जागा होती ती मुख्यतः मुलांचें वय ठरविण्यापुरती. दांत पाहावयाचे, अंगलट पाहावयाची आणि हें पोर कायद्याच्या वयाचें आहे असा दाखला द्यावयाचा. धंद्यामुळें होणारा रोग ही कल्पना कायद्यांत शिरली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यानें. त्याच्या पहिल्या यादींत अँथ्रॅक्स होता, शिशाची विषबाधा होती, फॉस्फरसची होती. (वास्तविक पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्यांना १९१३ मध्येंच इकडे बंदी झालेली होती.) यादी इंग्लंडांतल्या अनुभवावरून आली होती. मुंबईच्या गिरणगांवांत जी छाती रोज खोकत होती, तिचें नांव त्या यादींत नव्हतें.

कापसाच्या गिरणींत पिंजण्याच्या व कार्डिंगच्या खात्यांत हवेंत बारीक तूस उडत असतें. तें वर्षानुवर्षें छातींत गेल्यानें जो दमा होतो त्याचें शास्त्रीय नांव बिसिनोसिस. तें फ्रेंच वैद्य आद्रियां प्रूस्त यांनीं १८७७ मध्यें दिलें. या रोगाची खूण मोठी चमत्कारिक आहे. आरंभीं छाती आवळते ती सुट्टीनंतर कामावर परत गेल्याच्या पहिल्या दिवशीं. मंगळवारीं बरें वाटतें, शनिवारपर्यंत विसरहि पडतो, आणि पुढल्या सोमवारीं पुन्हां तेंच. मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें, १८९० च्या जूनमध्यें. त्यापूर्वीं ठराविक साप्ताहिक सुट्टीच नव्हती, तेव्हां सोमवारची छाती ओळखावयाची कशी ? सुट्टी आली आणि रोगाची खूणहि त्याबरोबर आली. ती ओळखावयास यंत्र लागत नव्हतें. काम काय करतां आणि छाती कोणत्या वारीं आवळते, एवढे दोन प्रश्न पुरे होते.

परंतु लालबाग-परळच्या चिंचोळ्या दवाखान्यांत, कागदी खुणेच्या बाटल्या भरतां भरतां, डॉक्टर खोकला ऐकत तो पुष्कळदां विडीचा किंवा क्षयाचा म्हणून. चाळींतल्या एका खोलींत आठदहा माणसें राहत तेथें क्षय होताच, आणि विडीहि होती. शिवाय रोगीहि बोलावयास उत्सुक नसे. बदलीवाल्याला दारावर रोज उभें राहून काम मिळवावें लागे. छातीचा दाखला हातांत घेऊन उभा राहिलेला बदलीवाला जॉबरला नको असे. इंग्लंडांत १९४१ पासून कापसाच्या या दम्याला भरपाई मिळूं लागली, तरी इकडे तो रोग आहे कीं नाहीं याचीच शंका दीर्घकाळ घेतली जात होती.

१९४८ चा कारखाना-कायदा झाला, आणि त्याच्या एकुणनव्वदाव्या कलमांत ब्रॅडफर्डचा धडा जवळजवळ जसाच्या तसा आला. यादींतल्या रोगाचा कारखाना-कामगार ज्या डॉक्टरच्या उपचाराखालीं असेल त्यानें रोग्याचें नांव, रोग आणि कारखाना मुख्य निरीक्षकाला लेखी कळवावा. रोग खरा ठरल्यास डॉक्टरला फी द्यावी आणि ती कारखानदाराकडून जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावी. न कळविल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड. त्याच वर्षींच्या राज्य विम्याच्या कायद्यानें घरच्या डॉक्टरला आणखी एक नातें जडलें. १९५४ सालीं मुंबईंत विमायोजना सुरूं झाली तेव्हां खासगी दवाखाने चालविणाऱ्या डॉक्टरांचीं नांवें यादीवर घेण्यांत आलीं, आणि कामगारानें त्यांतून आपला डॉक्टर निवडावयाचा असें ठरलें. कल्पना चांगली होती. पण आजारीपणाच्या भत्त्यासाठीं दाखला लागतो, आणि दाखल्यासाठीं रांग लागते. जो डॉक्टर संध्याकाळभर रजेचे कागद भरतो त्याला तिवईवर बसून धंद्याचा प्रश्न विचारावयास सवड कितीशी राहणार ?

कापसाचा दमा कारखाना-कायद्याच्या मूळ यादींत नव्हता. तो मागाहून घालण्यांत आला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं विसाव्या शतकाच्या शेवटल्या चतुर्थांशांत गिरणी-कामगारांच्या छात्या पद्धतशीर तपासल्या, तेव्हां हा रोग मुंबईंत आहे याबद्दल वाद उरला नाहीं. तोपर्यंत गिरण्यांचेच दिवस भरत आले होते. १९८२ च्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. या रोगाचा स्वभाव असा आहे कीं, सोमवारची छाती कांहीं वर्षांनीं सगळ्या आठवड्याची होते, आणि मग काम सुटलें तरी ती सुटत नाहीं. गिरणगांवच्या दवाखान्यांत धाप लागलेला म्हातारा येई, तेव्हां त्याला कोणताहि वार सांगतां येत नसे. काम काय करतां, असें विचारलें तर तो ‘कांहीं नाहीं’ म्हणून सांगे. डॉक्टरला तो प्रश्न भूतकाळांत विचारावा लागे : काम काय करीत होतां, आणि कोणत्या खात्यांत ?